गाडी थंड पाहिजे

सकाळी 6.45
नागपूर–तुळजापूर महामार्ग, महागाव. गॅरेजचं शटर अर्धं वर. मिस्त्री पिशवी भरतोय. दोन पाने, टॉर्च, दाढीचा आरसा, चिंध्या, कोड वाचणारं यंत्र. जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. त्याला कापड शिवलंय, रंगावर ओरखडा नको म्हणून. आज दुरुस्ती नाही, पाहणी आहे. एका सेकंडहँड गाडीचे 500 रुपये. तोवर गॅरेज हाताखालचा पोरगा सांभाळेल. त्याची रोजी 350.

सकाळी 7.10
चहाची टपरी. फुलसावंगीकडून बापलेक मोटारसायकलवर आलेत. सोयाबीन विकलंय, कापूस अजून घरात आहे. पोराला गाडी भाड्यानं चालवायची आहे. जुन्या गाड्यांच्या यार्डात 2016ची पांढरी डिझेल डिझायर पाहून ठेवलीये. सांगितलेला भाव 3 लाख 60 हजार. मीटर 82 हजार. तीन दिवसांपूर्वी 5 हजारांचा इसारही दिलाय.

“इसार आंधी अन् मिस्त्री मंग?” मिस्त्री विचारतो.

बाप कपाकडे पाहतो. चहाचे 40 रुपये लेक देतो.

सकाळी 7.25
मोबाइलवर ‘एमपरिवहन’ उघडलं. पुण्याचा, एमएच-12चा नंबर. मालकाचं नाव तारकांनी अर्धं झाकलेलं. विमा चालू, पीयूसी चालू, बँकेचा बोजा नाही. फिटनेस 2031पर्यंत. पोराचा चेहरा उजळतो. सरकारनंच लिहिलंय, 2031.

मिस्त्री त्याला समजावतो. ही तारीख गाडी तपासून टाकलेली नाही. गाडी नवी होती तेव्हा नोंदणीच्या दिवसापासून 15 वर्षं मोजली, झालं. पांढऱ्या पाटीच्या गाडीला मधल्या काळात कोणी इन्स्पेक्टर हात लावत नाही. पीयूसीवाला फक्त धूर पाहतो. पिवळ्या पाटीचं वेगळं. ती पासिंगला उभी राहते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दर वर्षी. म्हणजे घरच्या गाडीपेक्षा टॅक्सीचे कागद जास्त. मिस्त्रीसोबत फिरणाऱ्या मलाही हे माहीत नव्हतं. मीही फिटनेसची तारीख म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट समजत होतो.

सकाळी 8.20
यार्ड. बारा-तेरा गाड्या, सगळ्या पुसून चकाचक. मिस्त्री कोणाशी न बोलता डिझायरच्या बोनेटवर तळहात ठेवतो.

“गरम कशी काय जी?”

“सकाळी जरा इकडून तिकडं सरकवली.”

“काल फोन केला होता मी. थंड पाहिजे म्हटलं होतं.”

गरम इंजिन कोणाच्याही हातानं चालू होतं. खरी खोड थंडीत, पहिल्या चावीला दिसते. मिस्त्री बोनेट उघडून ठेवतो. दीड तास. तोवर बाहेरून.

सकाळी 8.30 ते 10
आधी चुंबक. दारावर चिकटतं, पुढच्या फेंडरवर चिकटतं. मागच्या डाव्या कोपऱ्यावर घसरून पडतं. तिथं पत्र्यावर लांबी भरलीये, जाड. मागून कोणीतरी ठोकली असणार. डिकीतला गालिचा उचलला. स्टेपनीच्या खड्ड्यात वेल्डिंगची रेघ कंपनीची नाही, हाताची आहे. “हे चालते,” मिस्त्री म्हणतो. “मागचा मार भरून निघते. पुढून चेसी वाकली असती तर इथूनच घरी गेलो असतो.”

सीटबेल्ट. पूर्ण, अगदी शेवटच्या वितीपर्यंत ओढून काढतो आणि नाकाशी धरतो. पुरात बुडालेली गाडी धुता येते, सीटा बदलता येतात. बेल्टच्या शेवटच्या वितीतला गाळ राहतो. महागाव तालुक्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. 22 जुलै 2023ला इथल्याच आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. हा बेल्ट कोरडा, स्वच्छ. ही गाडी बुडालेली नाही.

मग छत. हाताच्या बोटांनी हळूहळू, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं. चार जागी बोट थांबतं. भोकं बुजवून वर रंग मारलाय. कॅरियर होतं.

मिस्त्री खाली वाकून ड्रायव्हरच्या पायाशी टॉर्च मारतो. ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत, मधोमध लोखंड दिसतंय. ॲक्सिलरेटरच्या वायरला दोन जोड, वर काळी टेप. स्पीड गव्हर्नर काढल्याची खूण, म्हणजे गाडी टॅक्सी होती.

“मीटर माणूस फिरवते,” तो पोराला म्हणतो. “पायडल कोन फिरवन?”

शेवटी दाराची चौकट. रबराखाली काळपट झालेलं एक स्टिकर. चिंधीवर थोडं डिझेल घेऊन पुसलं. ऑइल बदलल्याचं. पुढचं ऑइल: 1,96,000.

बाप ते दोनदा वाचतो. मग मीटर वाचतो.

सकाळी 10.05
इंजिन निवलंय. पहिली चावी, नाही. दुसरी, नाही. तिसऱ्याला धरलं. ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचतं, भोकातून धूर फुसफुसतो. बॅक कम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. हजार-बाराशेचं कोड वाचणारं यंत्र पिशवीतच राहिलं.

सकाळी 10.30
कागद. यार्डवाल्याकडं सही केलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म आहेत, घेणाऱ्याचं नाव कोरं. मूळ मालक पुण्याला, फोन लागत नाही. 1 एप्रिल 2023पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते “काढायला टाकलंय”. जुनी पासिंगची कागदपत्रं? “ही टॅक्सी नव्हतीच.” मिस्त्री छताकडं बोट दाखवतो. “कोणी सामान नेत असन घरचं.”

तिकडच्या मालकाला तरी या कोऱ्या फॉर्मांची काळजी हवी. नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईला कागदावरचा मालकच उभा राहतो. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2018मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याला बहुतेक गाडी केव्हाच गेली असं वाटतंय.

सकाळी 10.50
यार्डवाला मिस्त्रीला बाजूला नेतो. मी दहा पावलांवर. “ओके म्हन ना राजा. दोन हजार तुझे.” मिस्त्री हसतो, हात पुसतो. हे दोन हजार महिन्यातून दोन-तीनदा समोर येतात. कधी घेतले का, हे मी विचारलं नाही.

सकाळी 11.15
बापलेक निंबाखाली उभे. पोराचं मन अजून पांढऱ्या रंगात. “इंजिनचं काम केलं तर?”

“चाळीस-पन्नास हजार. भाव पन्नासनं उतरवला तरी कागद कुठून आनशीन?”

बाप डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालतो. “नाही घ्यायची.”

इसार परत मागितला. तीन हजार मिळाले. बाकीचे दोन “जागा अडवल्याचे”.

दुपारी 12.30
गॅरेज. पोरग्यानं एक पंक्चर काढलंय, एक ट्रॅक्टर परत पाठवलाय. मिस्त्री डबा उघडतो. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. 500मधून 100चं पेट्रोल गेलं. यार्डवाला आता एखादं गिऱ्हाईक तोडेल, म्हणून दोन दिवस जरा थंड जातील. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नाही.

दुपारी 4
ट्रॅक्टर परत आला. हायड्रॉलिकचा पाइप. 300 मजुरी, 150 उधार.

संध्याकाळी 5.40
परतताना माझी बस यार्डासमोर थांबली. डिझायरचं ड्रायव्हरकडचं दार उघडं होतं. एक पोट्टा उकिडवा बसून चौकटीवर ब्लेड घासत होता.