सागरी मत्स्यालयातील सावली : प्रवाळ निवडताना प्रकाश आणि कायदा दोन्ही पाहा

घरगुती सागरी मत्स्यालयात खडकांची रचना करताना उजळ माथ्याबरोबरच कपारी, कमानी आणि तळाचे कोपरे अशा सावलीच्या जागाही तयार होतात. त्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून तेथे प्रवाळ बसवण्याकडे अनेक हौशी पालकांचा कल असतो. मात्र, सावलीत जगणारा प्रत्येक प्रवाळ घरात जगवता येतो असे नाही. काही प्रवाळ बाळगणे तर भारतात गंभीर गुन्हा ठरते.

सावली म्हणजे अंधार नव्हे

प्रवाळ हा प्राणी आहे. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारे अन्न प्रवाळाला पुरवते. यांतील काही प्रजातींना मंद प्रकाश पुरतो. पण प्रकाश पूर्णपणे हटल्यास त्याही हळूहळू खंगत जातात.

दुसऱ्या गटातील प्रवाळांत असे शैवाल नसते. नारिंगी-पिवळ्या रंगाचा ‘सन कोरल’ अर्थात ट्युबास्ट्रिया हे त्याचे परिचित उदाहरण. त्याला प्रकाश लागत नाही, म्हणून सावलीसाठी तो आदर्श वाटतो. प्रत्यक्षात तो पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो. मत्स्यालयात त्याच्या प्रत्येक मुखाला आठवड्यातून अनेकदा अन्न भरवावे लागते. उरलेले अन्न कुजून पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट वाढतात आणि इतर जिवांना त्याचा त्रास होतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांचा समावेश आहे. सन कोरल कठीण प्रवाळांच्याच गणात मोडतो, तर परदेशी पुस्तकांत सावलीसाठी सुचवले जाणारे अनेक प्रवाळ समुद्रपंख्यांच्या गटातील असतात. त्यामुळे परदेशातील सल्ला येथे जसाच्या तसा लागू होत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांशी संबंधित गुन्ह्यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मृत प्रवाळाचे तुकडे सजावटीसाठी वापरतानाही हाच कायदा आड येतो.

लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही देशातील प्रमुख प्रवाळक्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगत आणि अँग्रिया बँक येथेही प्रवाळ आढळतात. बाजारातील बेकायदा मागणीचा भार अखेर अशाच क्षेत्रांवर पडतो.

योग्य पर्याय कोणते?

मशरूम कोरल म्हणून ओळखले जाणारे डिस्कोसोमा आणि रोडॅक्टिस हे सावलीसाठी सर्वांत सोयीचे मानले जातात. त्यांना चुन्याचा सांगाडा नसतो, ते कठीण प्रवाळांच्या गणात मोडत नाहीत आणि मंद प्रकाश व संथ प्रवाह त्यांना मानवतो. अर्धसावलीत झोअँथिड तसेच सार्कोफायटॉन, सिन्युलारिया यांसारखे लेदर कोरल ठेवता येतात. मशरूमसारखाच दिसणारा, आकाराने मोठा ॲम्प्लेक्सिडिस्कस मात्र लहान मासे गिळतो. तो टाळणे इष्ट.

या प्रजाती पहिल्या अनुसूचीतील वरील गटांत नसल्या तरी संरक्षित सागरी क्षेत्रातून त्या काढता येत नाहीत आणि आयातीसाठी परवानगी आवश्यक असते. त्यामुळे विक्रेत्याकडून उगमाची कागदपत्रे मागावीत. मत्स्यालयातच वाढवून विभागलेले तुकडे घेणे अधिक हितावह.

जागा ठरवताना

प्रकाश डोळ्यांनी जोखणे फसवे ठरते. वनस्पतींना उपयुक्त प्रकाश मोजणाऱ्या ‘पार’ मापकाने प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद साधारण ५० ते १०० मायक्रोमोल एवढे वाचन मिळाल्यास ती जागा मशरूम कोरलसाठी उपयुक्त समजावी. वाचन शून्याजवळ असल्यास तेथे प्रवाळ बसवू नये; ती कपार माशांच्या आसऱ्यासाठी सोडावी.

प्रकाश कमी पडल्यास प्रवाळ दिव्याच्या दिशेने ताणला जातो किंवा तपकिरी पडतो. अशा वेळी त्याला एकदम उजेडात आणल्यास तो शैवाल गमावून पांढरा पडण्याचा धोका असतो. म्हणून जागाबदल काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करावा. मशरूम कोरल पसरतात आणि शेजाऱ्यांना दंश करतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र दगडावर ठेवावे.

काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. ते हाताळताना हातमोजे व संरक्षक चष्मा वापरावा आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. वाफेतून होणारी विषबाधा संपूर्ण कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते.