वैमानिक निवड चाचणी : एकाच संधीची पूर्वतयारी

व्यापारात एका हंगामात तोटा आला, तर पुढच्या हंगामात तो भरून काढता येतो. सनदी लेखापालाच्या परीक्षेत अपयश आले, तरी पुन्हा बसता येते. भारतीय हवाई दलाच्या वैमानिक निवड चाचणीचे मात्र तसे नाही. ही चाचणी उमेदवाराला आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेला तरुण वा तरुणी पुढे कोणत्याही मार्गाने अर्ज केला, तरी हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी पात्र ठरत नाही. म्हणूनच ही तयारी शेवटच्या महिन्यातील शिकवणीवर सोडून चालत नाही. तिची सुरुवात दहावीच्या निकालानंतर घरात होणाऱ्या चर्चेपासूनच होते.

व्यापारी कुटुंबांत दहावीनंतर वाणिज्य शाखा हा बहुधा ठरलेला रस्ता असतो. पेढी सांभाळायची, तर हिशेब आणि कायदा शिकलेला बरा, असा त्यामागील विचार असतो, आणि तो चुकीचाही नाही. परंतु या निर्णयाने आकाशाचे दार नकळत बंद होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जाण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात, आणि वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. पदवीनंतर ‘एएफकॅट’ परीक्षेच्या मार्गाने जाता येते. त्या वेळी पदवी वाणिज्याची असली, तरी बारावीत भौतिकशास्त्र व गणित असणे आणि त्या प्रत्येकात किमान ५० टक्के गुण मिळवलेले असणे आवश्यक ठरते. मुलगा किंवा मुलगी विमानाचे स्वप्न बोलून दाखवत असेल, तर शाखा निवडण्यापूर्वीच ही गोष्ट घरात समोर ठेवली पाहिजे. मुलींसाठीही हा मार्ग खुला आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ मध्ये दाखल झालेली मुलींची पहिली तुकडी २०२५ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

लेखी परीक्षेनंतर उमेदवाराला हवाई दलाच्या निवड मंडळासमोर जावे लागते. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी येथे अशी मंडळे आहेत. तेथे काही दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्य आणि मुलाखत यांतून अधिकाऱ्याला साजेसे गुण पारखले जातात. उड्डाण शाखेसाठी त्यापुढे वैमानिक निवड चाचणीचा टप्पा येतो. पूर्वी ही चाचणी यंत्रांच्या साह्याने घेतली जाई. तिच्या जागी आता संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली संगणकीय पद्धत आली आहे. ‘सीपीएसएस’ या नावाने ती ओळखली जाते. शेवटी वैद्यकीय तपासणी होते.

अशी कसोटी घेण्याची गरज का भासली, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडते. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांची पारख करणारी मोठी योजना राबवली. उमेदवारांना १ ते ९ अशा श्रेणी दिल्या गेल्या. श्रेणी जितकी खालची, तितके प्रशिक्षणातून गळण्याचे प्रमाण अधिक, असे दिसून आले. जमिनीवर काही तासांत होणारी पारख हवेतले अपघात आणि प्रशिक्षणाचा अपव्यय टाळू शकते, हा त्यातून मिळालेला धडा आजही कायम आहे.

या चाचणीत ढोबळमानाने दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, विमानातील उपकरणे वाचण्याची आकलनशक्ती. उमेदवाराला प्रथम उपकरणांची माहिती दिली जाते आणि मग त्यांच्या चित्रांवरून थोड्या वेळात उत्तरे द्यावी लागतात. दुसरी, डोळा, हात आणि पाय यांचा मेळ. पडद्यावर हलणारी खूण नियंत्रण-दांडी आणि पायाखालील पट्ट्या यांच्या साह्याने ठरलेल्या जागी राखायची असते, आणि त्याच वेळी प्रकाशाच्या वा ध्वनीच्या इशाऱ्यांनाही प्रतिसाद द्यायचा असतो. गर्दीच्या वेळी गल्ल्यावर बसलेला दुकानदार तराजूवर नजर ठेवतो, मोड मोजतो, दूरध्वनीवर भाव सांगतो आणि उधारीचे नावही लक्षात ठेवतो. लक्षाची अशीच विभागणी येथे हवी असते. फरक इतकाच, की ती अनोळखी साधनांवर आणि घड्याळाच्या धाकात करावी लागते.

उपकरणांची ओळख घरी बसून करून घेता येते. उंचीमापकाचा लांब काटा शेकडा फूट दाखवतो आणि आखूड काटा हजार फूट. लांब काटा ५ वर आणि आखूड काटा २ व ३ यांच्या मध्ये असेल, तर उंची २,५०० फूट. दिशादर्शकात उत्तर ३६० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. दिशा ३५० असताना विमान उजवीकडे ३० अंश वळले, तर नवी दिशा २० अंश होते. कृत्रिम क्षितिजाचे उपकरण नवख्याला सर्वांत जास्त फसवते. विमान उजवीकडे कलले, की क्षितिजाच्या रेषेचे उजवे टोक वर गेलेले दिसते, कारण क्षितिज स्थिर असून विमान कललेले असते. अशी उदाहरणे रोज वीस मिनिटे, वेळ लावून सोडवली, तर काही आठवड्यांत चित्र पाहताच अर्थ उमगू लागतो. हातापायांच्या भागासाठी संगणकावरील उड्डाणाचे खेळ दांडीची सवय लावण्यास उपयोगी पडतात. मात्र तयारीचा मुख्य लाभ अनोळखीपणाची भीती जाणे हा आहे. मूळ क्षमता एका महिन्यात घडवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर फी भरण्यापूर्वी विचार करावा. चाचणीच्या आदल्या रात्री जागरण टाळणे आणि सूचना संपेपर्यंत घाईने दांडीला हात न लावणे, हे साधे नियमही तितकेच मोलाचे आहेत.

शरीराची मापे आधीच तपासून घेणे शहाणपणाचे. उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, बसलेली उंची ८१.५ ते ९६ आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर असावी लागते. विमानातील आसन आणि नियंत्रणे यांच्या मापांशी या मर्यादा जोडलेल्या आहेत. दृष्टी आणि रंग ओळखण्याची क्षमता नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. पुढील दोन वर्षांचे कष्ट कुठल्या दिशेने घालायचे, हे या एका भेटीत स्पष्ट होऊ शकते.

या सगळ्यात कुटुंबाची भूमिका नाजूक आहे. ‘घरचा धंदा कोण पाहणार?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क आई-वडिलांना आणि आजोबांना निश्चित आहे. पण तो लेखी परीक्षेपूर्वी विचारून मोकळे व्हावे. निवड मंडळाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाच्या मनावर त्याचे ओझे नसावे.

निकाल प्रतिकूल आला, तर एवढेच सिद्ध होते, की त्या दिवशी, त्या साधनांवर, त्या वेळात अपेक्षित मेळ साधला नाही. बुद्धी, चारित्र्य किंवा धाडस यांविषयी तो निकाल काही सांगत नाही. हवाई दलात जमिनीवरील शाखाही आहेत. प्रशासन, पुरवठा आणि लेखा या त्यांपैकी होत. हिशेबाचा वारसा लाभलेल्या तरुणाला लेखा शाखेत देशाच्या सेवेची तितकीच सन्मानाची जागा मिळू शकते. शिवाय सेना आणि नौदल हेही मार्ग आहेत. पेढीवर परत येणाऱ्या मुलाचे स्वागत मात्र ‘शेवटी घरीच आलास’ अशा शब्दांनी होऊ नये. त्याने वेळेची शिस्त आणि लक्षाची एकाग्रता अंगी बाणवलेली असते, आणि कोणत्याही धंद्यात हे भांडवल कमी मोलाचे नाही.