व्हिशेग्राद : एका नदीकाठच्या कसब्याची शब्दकथा

बोस्नियाच्या पूर्व सीमेजवळ, द्रिना नदीच्या काठी व्हिशेग्राद हे लहानसे गाव आहे. ऑस्मानी अमलात अशा गावास ‘कासाबा’ म्हणत. हा शब्द आणि आपला ‘कसबा’ ही एकाच अरबी शब्दाची दोन अपत्ये होत. एक तुर्कीच्या द्वारे बाल्कनात गेले, दुसरे फारसीच्या द्वारे महाराष्ट्रात आले. या गावाचा इतिहास त्याच्या शब्दांतून पाहण्याचा मोह भाषाभ्यासकास होतो, तो यामुळेच.

गावाची कीर्ती आहे ती तेथील पुलामुळे. जवळच्या सोकोलोविची गावातील एक ख्रिस्ती मुलगा ‘देवशिर्मे’ म्हणजे करादाखल मुले नेण्याच्या पद्धतीने ऑस्मानी सेवेत गेला, मुसलमान झाला आणि १५६५ मध्ये साम्राज्याचा महावजीर बनला. या मेहमेद पाशानेच सिनान या राजस्थपतीकडून १५७१ ते १५७७ या काळात अकरा कमानींचा दगडी पूल उभारविला. पुलास ‘मोस्त’ हा स्लाव्ह शब्द होताच. तरी येथे लोकांच्या तोंडी रुळली ती तुर्की ‘क्यॉप्रू’वरून आलेली ‘चुप्रिया’. पुलाच्या मध्यावरील रुंद जागा ती ‘कापिया’ (मूळ अर्थ दार), तेथील दगडी बैठक ती ‘सोफा’ (हा शब्द आपल्याकडे इंग्रजीमार्गे, बराच वळसा घेऊन आला), आणि बांधणीचा सन सांगणारा शिलालेख तो ‘तारिह’, म्हणजे आपली तारीखच! मुसलमान, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व सेफार्दी ज्यू या सर्वांची गावात वस्ती होती. येथेच बालपण घालविलेल्या ईवो आंद्रिच यांनी १९४५ च्या आपल्या कादंबरीच्या नावात ‘मोस्त’ नव्हे, ‘चुप्रिया’च योजिली. अब्दुल्लाह श्काल्यिच यांच्या १९६५ च्या कोशात सर्बो-क्रोएशियन भाषेतील असे आठ हजारांहून अधिक शब्द आढळतात.

१९९२ मध्ये सर्ब सैन्यदलांनी गाव ताब्यात घेतल्यावर मुसलमानांची हत्या झाली व उरलेल्यांना हुसकावण्यात आले. याच पुलावर माणसे मारून नदीत टाकण्यात आली. १९९१ मध्ये गाव व परिसरातील सुमारे २१,००० वस्तीत जवळजवळ दोन तृतीयांश मुसलमान होते. २०१३ च्या गणनेत एकूण वस्ती निम्म्यावर आली आणि त्यांचे प्रमाण एक दशांशाच्या आसपास उरले.

भाषेचेही विभाजन झाले. त्याच बोलीस आता कोणी बोस्नियन म्हणतो, कोणी सर्बियन; पौर्वात्य मूळ असलेल्या शब्दांचा पुरस्कार पहिलीत अधिक होतो. परंतु शब्दांची अशी वाटणी पुरती साधत नाही, असे माझे मत आहे. सर्ब मनुष्यही पायमोज्यास ‘चारापा’, उशीस ‘यास्तुक’ म्हणतो. आणि शेजाऱ्यासाठी दोन्ही समाज जो ‘कोम्शिया’ हा शब्द वापरतात, तोही तुर्कीच आहे.