प्रदर्शनांतली मोटार आणि रस्त्यावरची मोटार

मोटारींच्या मोठमोठ्या प्रदर्शनांत फिरत्या चौथऱ्यावर उभी असलेली जी गाडी सर्वांत अधिक गर्दी जमविते, ती बहुधा विकावयाची नसते. तिला कॉन्सेप्ट कार म्हणतात. मराठींत तिला कल्पनारूप गाडी म्हणावयास हरकत नाहीं. तिच्या जवळची, परंतु तिजहून निराळी वस्तु म्हणजे प्रोटोटाइप, अर्थात् चाचणीचा नमुना. पहिली डोळ्यांसाठीं घडविलेली असते, दुसरी मोडून पाहण्यासाठीं. पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या लोकलींत फोनवर अशा गाड्यांचीं चित्रें पाहत वाद घालणारे तरुण या दोहोंची पुष्कळदां गल्लत करतात. मग एक म्हणतो, "अरे, ही उद्यां रस्त्यावर येणार!" आणि दुसरा म्हणतो, "सोड रे, नुसती थाप आहे." दोघांच्याही म्हणण्यांत अर्धे तथ्य असतें. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत पोलाद, कापड व रसायनें यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या या मंडळींस साचा, पत्रा आणि राळ हीं परकीं नाहींत; तेव्हां गाडीचें रूप कसें घडतें हें त्यांस उमजावयास वेळ लागूं नये.

या प्रथेचा उगम अमेरिकेंतला. जनरल मोटर्स कंपनीनें १९२७ सालीं गाड्यांच्या रूपरंगासाठीं स्वतंत्र विभाग उघडला व त्याचा प्रमुख म्हणून हार्ले अर्ल यास नेमिलें. त्यानें १९३८ सालीं ब्यूइक वाय-जॉब ही गाडी करविली. तिचे पुढचे दिवे झांकले जात, खिडक्यांच्या कांचा विजेनें वरखालीं होत. ती बाजारांत आणावयाचीच नव्हती. अर्लसाहेब ती स्वतःच वापरीत असत. पुढील कित्येक वर्षें त्या कंपनीच्या गाड्यांत तिच्या खुणा उमटत राहिल्या.

अर्लनें रूढ केलेली मातीच्या प्रतिकृतीची पद्धत आजही टिकून आहे. कुंभाराच्या मातीशीं या मातीचें साम्य नांवापुरतेंच. ही मेणयुक्त असते; ऊब दिली कीं मऊ होते, निवली कीं टणक होते, आणि वाळून तडकत नाहीं. आधीं सांगाडा उभारावयाचा, त्यावर हलक्या फेसाळ द्रव्याचा गाभा बसवावयाचा आणि वर कांहीं बोटें जाडीचा मातीचा थर देऊन तो पात्यांनीं तासत जावयाचें. रूप पुरें झालें कीं त्यावर चकचकीत पातळ पापुद्रा ताणून बसवितात, म्हणजे दिव्यांच्या प्रकाशाची रेघ त्यावर कशी वाहते तें दिसतें. ही रेघ कोठें तुटली, कोठें थरथरली, कीं तेथें पृष्ठभाग बिघडला असें समजावें. हल्लीं संगणकावर आकृति करून यंत्रानेंच माती कोरतात, तरी शेवटचा हात माणसाचा असतो. लग्नाच्या फेट्याची सुरकुती जशी बांधणाऱ्याच्या बोटांनाच कळते, तसेंच हें आहे.

धांवत्या गाडीचें रूप इंजिन कोठें बसविलें आहे यावरून ठरतें. तें पुढें असेल तर नाक लांब आणि बसण्याची जागा मागें. तें आसनांच्या पाठीशीं, मागच्या चाकांच्या आधीं असेल तर नाक आंखूड होतें, बसणारे पुढें सरकतात आणि सारी गाडी पाचरीसारखी दिसूं लागते. इटलींतील बेर्तोने या संस्थेनें १९७० सालीं दाखविलेल्या लान्सिया स्ट्रॅटोस झीरो या गाडीची उंची अवघी ८४ सेंटीमीटर होती, म्हणजे जेवणाच्या मेजाहून चारपांच बोटें अधिक. तिला बाजूस दारेंच नव्हतीं. पुढची कांच उचलून आंत शिरावें लागे. अशा गाड्यांत चाकें वाजवीपेक्षां मोठीं, खिडक्या चिरेएवढ्या, आरसे नाहींत, पाणी पुसणारा वायपर नाहीं. बोईसरच्या जुलै महिन्यांत ती घेऊन निघणाऱ्यानें काय करावें, हा प्रश्न चित्रकारास पडलेला नसतो.

तो प्रश्न पुढें अभियंत्यास पडतो. त्याच मार्चेलो गांदिनी नांवाच्या चित्रकारानें रेखिलेली लँबोर्गिनी काउंटॅश १९७१ सालीं जिनीव्हा येथें प्रथम दिसली, तेव्हां तिचें अंग तासलेल्या स्फटिकासारखें होतें. परंतु रस्त्यावर चाचण्या सुरू झाल्या तेव्हां मागें बसविलेलें इंजिन तापूं लागलें. हवा आंत नेण्यासाठीं बाजूंस पेट्या उभाराव्या लागल्या, दाराच्या अंगांत खांचा कोराव्या लागल्या. १९७४ पासून विक्रीस आलेल्या गाडीचीं हींच लक्षणें पुढें रसिकांस इतकीं आवडलीं कीं त्यांवाचून ती गाडी ओळखूं येईना. मूळचा नमुना मात्र धडक-चाचणींत चुरडून टाकण्यांत आला.

सर्वच बदल असे गोड लागत नाहींत. जॅग्वार कंपनीनें १९८८ सालीं एक्सजे२२० ही गाडी दाखविली, तेव्हां तींत बारा नळकांड्यांचें इंजिन आणि चारही चाकांस गति होती. लोकांनीं मोठमोठ्या अनामत रकमा भरल्या. १९९२ पासून हातीं पडलेल्या गाडींत नळकांडीं सहा होतीं आणि गति मागच्याच चाकांस. कित्येकांनीं गाडी नाकारली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. चित्र पाहून पैसे भरणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

महाराष्ट्राचा या विद्येशीं संबंध थोडाथोडका नाहीं. अ‍ॅस्टन मार्टिन कंपनीची एएमव्ही८ व्हँटेज ही कल्पनारूप गाडी २००३ सालीं डेट्रॉइट येथें गाजली. ती प्रत्यक्ष घडली ती मुंबईस, दिलीप छाब्रिया यांच्या कारखान्यांत. रेखाटन परक्याचें, हात येथले. छाब्रिया यांनीं पुढें २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत स्वतःची अवंती ही दोन आसनांची गाडी मांडली. तींत रेनो कंपनीचें दोन लिटरांचें इंजिन मधोमध बसविलेलें होतें. तिच्या चेहऱ्याविषयीं रसिकांत अजून एकमत नाहीं, परंतु ती चित्रांतून उतरून रस्त्यावर आली, हें तिच्या टीकाकारांनींही मान्य करावें. मुंबईचीच वझिरानी शूल २०१८ सालीं इंग्लंडांत गुडवुड येथें दिसली.

टाटांची कथा अधिक चटका लावणारी आहे. २००० सालीं त्यांनीं जिनीव्हा येथें आरिया ही उघडी दोन आसनांची गाडी दाखविली. ती निघाली नाहीं. दहा वर्षांनीं तिचें नांव तेवढें एका मोठ्या कुटुंबगाडीस मिळालें. २०१७ सालीं तेथेंच रेसमो आली. वर उघडणारीं दारें, आसनांमागें १.२ लिटरांचें तीन नळकांड्यांचें इंजिन, शक्ति सुमारें १९० अश्वांची. लहान इंजिनांतून एवढें काम घेणारी ही गाडी सामान्य मिळकतीच्या तरुणासही आपली वाटली होती. पुढें खर्चाचा मेळ बसेना म्हणून ती योजना सोडून देण्यांत आली.

उरला ठेंगणेपणाचा वाद. "आपल्या गतिरोधकांवर असल्या गाड्या चालावयाच्याच नाहींत," असें लोकलींतील काका मंडळी ठासून सांगतात. गणित करून पाहावें. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणें गतिरोधक हा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागीं उंची १० सेंटीमीटर. पुढच्या व मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मधोमध आली असतां चारही चाकें उंचवट्यावरच असतात. म्हणून अंतराच्या वर्गास त्रिज्येच्या आठपटीनें, म्हणजे ५.७६ ला १३६ नें, भागावें. गाडीचें पोट रस्त्याला सुमारें सव्वाचार सेंटीमीटरच जवळ येतें. नाक चाकांच्या पुढें ९० सेंटीमीटर आलेलें असेल तर तेथें मात्र सुमारें साडेसात सेंटीमीटर मोकळीक हवी. दहा सेंटीमीटर उंच राहणारी गाडी असा गतिरोधक सुखानें ओलांडील. आडरस्त्यावर कोणी रातोरात ओतलेला हातभर रुंदीचा उभा उंचवटा ही गोष्ट निराळी. तेथें पोटाखालीं तो येतो तेव्हां चारही चाकें सपाटीवर असतात आणि पुरती उंची पोटास लागते. मग गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवीत न्यावी लागते, आणि समोरच्या रिक्षावाल्यास तोंवर थांबावें लागतें.