बंद दाराबाहेर बसून विचारा



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी एक ताई जागची उठेना. तिचा पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला. सुट्टीत घरी आला, तर दिवसभर खोलीचं दार लावून बसायचा, रात्र रात्र जागायचा, अर्ध्या ताटावरून उठायचा. "दृष्ट काढली, मोबाइल काढून घेतला, काही फरक नाही," ती म्हणाली. तिला विचारूनच, नाव न घेता, हे सांगते आहे.

फीसाठी तिने गटातून कर्ज घेतलं होतं. पोराचे दोन विषय राहिले होते. आईला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून तो गप्प होता. "तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या" असं आपण मायेनेच म्हणतो. पण खचलेल्या लेकराला त्याचं ओझं होतं.

एखाद-दोन दिवस मन उदास सगळ्यांचंच होतं. पण झोप, भूक, बोलणं, अभ्यास हे सगळं दोन आठवडे बिघडलेलं राहिलं, तर तो आळस नाही, नाटकही नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

मग विचारायचं कसं? आपल्या मुक्ताईची गोष्ट आठवा. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले, तेव्हा तिने ताटी मोडली नाही. बाहेरूनच समजूत घातली. आपणही तसंच करू. "काय झालंय रे? मी रागावणार नाही," एवढं म्हणा आणि ऐका. "मी नसलो तर बरं" असं काही तो बोलला, तर "जीव द्यावा असं वाटतं का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. पोलिसांच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार नाही, तणावाखालचा माणूस मानलं आहे.

१४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. कॉलेजातही चौकशी करा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे.

ती ताई त्या रात्री चहा घेऊन दाराबाहेर बसली. दार तिसऱ्या दिवशी उघडलं. आता पोराचे उपचार चालू आहेत. विषय अजून राहिलेलेच आहेत, पण पोरगा जेवायला सगळ्यांबरोबर बसतो.

पुढच्या बैठकीत हप्ता विचाराल, तेव्हा एकमेकींना हेही विचारा: लेकरू झोपतं ना? जेवतं ना? बोलतं ना?