बागेचें पाणी आणि घागरीचें पाणी

गुलमंडी या नांवांतील ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार. ज्या शहराच्या मध्यभागीं फुलांच्या नांवाची पेठ आहे, तेथील लोकांस बागेची हौस असावी यांत नवल नाहीं. परंतु टंचाईच्या काळीं बागेस पाणी घालण्यावर निर्बंध येतात, तेव्हां पुष्कळांस ते जाचक वाटतात. “पाणीपट्टी आम्ही भरतों, मग आमच्या झाडांस पाणी कां घालूं नये?” असा प्रश्न विचारला जातो. त्याचा शांतपणें विचार केला पाहिजे.

मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं हें नगर वसविलें, तेव्हां डोंगराच्या कुशींत झिरपणारें पाणी भूमिगत नहरींत धरून तें केवळ उताराच्या साहाय्यानें गांवांत आणिलें. त्यास कोणतेंहि यंत्र लागलें नाहीं. आज आपल्या नळाचें पाणी सुमारें ५० किलोमीटरवरील पैठणच्या जायकवाडी धरणांतून येतें. धरण सखल भागीं आणि शहर उंचावर. म्हणून तें पंपांनीं वर चढवावें लागतें, आणि वाटेंत फारोळा येथें शुद्ध करावें लागतें. अशा कष्टानें आलेलें पाणी मातीवर ओतण्यापूर्वीं त्याचा हिशेब करावयास नको काय?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. १०० चौरस मीटरच्या हिरवळीस ५ मिलिमीटर पाणी दिलें, तर ५०० लिटर खर्च होतात. जल जीवन मिशननें खेड्यांतील दर माणशीं दररोजचें माप ५५ लिटर धरिलें आहे. म्हणजे एका हिरवळीच्या एका भिजवणींत नऊ माणसांचें दिवसाचें पाणी गेलें!

याच कारणास्तव महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतींत पिण्याच्या पाण्यास पहिला मान दिलेला आहे. इ. स. २०१६ च्या दुष्काळांत हें तत्त्व सर्वांस प्रत्यक्ष दिसलें. त्या वर्षीं मार्च महिन्यांत लातूरास पाणवठ्यांवरील गर्दी आवरण्यासाठीं जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी सुमारें ५ लक्ष लिटर पाणी घेऊन तेथें पोहोंचली. दुसऱ्याच दिवशीं मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला; कारण मैदानें हिरवीं ठेवण्यास लागणारें पाणी. इ. स. २०२४ च्या मार्चमध्यें बंगळूर येथें बागेस व गाड्या धुण्यास पिण्याचें पाणी वापरणारास ५,००० रुपये दंड ठरला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतानेंहि २०१५ सालीं पाऊस पडल्यापासून ४८ तासांपर्यंत बागेस पिण्याचें पाणी घालण्यास मनाई केली होती.

यावरून झाडें वाळूं द्यावीं, असा अर्थ कोणीं घेऊं नये. भर दुपारीं दिलेल्या पाण्याचा मोठा अंश उन्हानें उडून जातो. म्हणून पहांटे किंवा सूर्यास्तानंतर पाणी द्यावें. तें पानांवर न शिंपडतां झारीनें बुंध्याशीं घालावें. आळ्यांत पालापाचोळा पसरला असतां ओल अधिक दिवस टिकते. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी फुलझाडांस चांगलें मानवतें. हिरवळीचीं मुळें उथळ असल्यामुळें तिला वारंवार पाणी लागतें. त्याऐवजीं कडुनिंबासारखें झाड लाविलें, तर पहिलीं कांहीं वर्षें त्यास जपल्यावर पुढें तें आपल्या मुळांनीं खोलवरची ओल शोधतें आणि छायाहि देतें.

पाणीपट्टी भरल्यानें आपणांस पाण्याचा उपयोग मिळतो. शेजाऱ्याच्या तहानेवर अधिकार मिळत नाहीं. ख्रिस्ताच्या शुभवर्तमानांत लहानग्यास दिलेल्या प्यालाभर थंड पाण्याचेंहि मोल सांगितलें आहे. तो प्याला कोणाच्या तरी घागरींतून भरावा लागतो. ती घागर रिती राहूं नये, एवढाच या निर्बंधांचा हेतु आहे. विद्यार्थ्यांनो, उद्यां झारी हातीं घ्याल तेव्हां तींत कोणतें पाणी भरलें आहे, एवढें अवश्य पाहा.