नदीकाठची बाग

शहराला उद्यान कशासाठी हवे, असे विचारले तर बहुतेक जण फुले, सावली आणि मोकळी हवा यांचा उल्लेख करतील. ते यथार्थच आहे. परंतु उद्यान नदीकाठी असेल, तर त्याच्याकडे आणखी एक काम येते आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बडोद्याची सयाजीबाग, म्हणजे लोकांच्या तोंडची कमाठीबाग, हे त्याचे चांगले उदाहरण होय.

विश्वामित्रीच्या काठी ही बाग १८७९ मध्ये झाली. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते. राज्याचा पूर्ण अधिकार त्यांच्याकडे १८८१ च्या अखेरीस आला. तोवर दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी गृहस्थ कारभार पाहत होते. सुमारे ११३ एकरांच्या या बागेत पुढे पदार्थसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय, फुलांचे घड्याळ अशा गोष्टींची भर पडली. सकाळी फिरावयास येणारे वृद्ध आणि सुट्टीच्या दिवशी धावणारी मुले यांना ही बाग आपल्या घराइतकीच जवळची वाटते.

आता नदीकडे पाहावे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि सपाट मुलखातून वळणे घेत बडोद्यात येते. आजव्याच्या तलावातून सोडलेले पाणीही तिलाच मिळते. उन्हाळ्यात दिसणारी बारीक धार म्हणजेच नदी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः पावसाळ्यात जेथवर पाणी पसरते, तो सखल पट्टाही नदीचाच. त्या पट्ट्यात घरे उभी राहिली, तर पुरात संसार बुडतात. तेथे हिरवळ आणि वृक्ष असले, तर पाणी पसरते, काही मातीत मुरते, काही ओसरते आणि मागे चिखल तेवढा राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा बागेत पाणी आले आणि वस्त्यांतही आले. बागेतला चिखल काढता आला. परंतु घरातले भिजलेले धान्य, अंथरूण आणि मुलांची पुस्तके परत मिळाली नाहीत.

या नदीत मगरीही राहतात. मादी मगर काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. थंडीत मगरी उतारावर ऊन खात पडतात. काठ दगड-सिमेंटने बांधून काढला, तर त्यांची ही जागा नाहीशी होते. शिवाय पात्र आक्रसले, की पाणी अधिक उंच चढते. म्हणजे मगरीच्या हिताची गोष्ट माणसाच्याही हिताची ठरते.

यास्तव नदीकाठ सुशोभित करण्याची योजना निघेल, तेव्हा नागरिकांनी बाके आणि दिवे किती, एवढेच विचारून थांबू नये. पावसाळ्यात पाण्याने कोठे जावे, हेही विचारावे. ज्या गावी अद्याप काठची एखादी लहानशी मोकळी जागा उरली असेल, तेथे ती इमारतीस न देता बागेसाठी राखणे, हा पुरापासून बचावाचा स्वस्तातला उपाय आहे.